आकडा तोंडातून निघेना

उन्हाळ्यात दुपारभर मी झोपलेली दिसते. दिसते म्हणतेय, कारण झोपलेली नसते. कूलरसमोर चटई टाकून डोळे मिटून पडलेली असते. वाळ्याच्या ताट्यांचा ओला वास येत राहतो, कूलरची घरघर कानात मुरत जाते, बाहेर ऊन गल्लीतून एकटंच फिरत असतं, आणि माझ्या मिटल्या डोळ्यांपुढे कुणाचं तरी दुकान उघडतं. मी वेबसाइट बनवते, घरूनच. ज्याला आपलं दुकान इंटरनेटवर मांडायचं असेल, त्याला मांडून देते. गिऱ्हाईक कुठून आत येईल, आधी काय बघेल, कुठे अडखळेल, पैसे भरता भरता नेट गेलं तर त्याचे पैसे कुठे लटकतील, हे सगळं त्या घरघरीत आपोआप हलत राहतं. एखादं दार चुकीच्या भिंतीत निघालं तर मी ते पडल्या पडल्याच बुजवते आणि दुसरीकडे काढते. संध्याकाळी उठून लॅपटॉप उघडला की बोटं नुसती उतरवून घेतात.

आईला हे काही पटत नाही. शेजारच्या काकूंना ती एकदा माझ्यासमोरच म्हणाली, "पोरीचं बरं आहे बाप्पा. दिवसभर झोपते, दिवेलागणीले थोडी खटखट करते, झालं काम."

"झोपत नाही वं आई, विचार करून राहिली होती मी."

"घोरत होती तू."

आता घोरता घोरता विचार करता येतो, हे कुणाला समजावणार?

पण खरं सांगायचं तर आईवर चिडण्यात काही अर्थ नव्हता. त्या दुपारींचं काय करायचं हे मलाही कधी कळलं नव्हतं. म्हणजे त्यांचा भाव काय लावायचा ते. सुरुवातीला परदेशातल्या एका बाईंचं काम मिळालं. त्यांनी तासाचा दर विचारला. मी दर सांगितला, आणि महिन्याअखेर तास मांडायला बसले तर माझ्याकडे तासच निघेनात. जेवढी खटखट केली तेवढेच मांडले. चटईवरचे कसे मांडणार? 'आज दुपारभर डोळे मिटून तुमच्या दुकानात फिरले' असं बिलात लिहितात का? बरं, हात बसला तसं काम लवकर व्हायला लागलं, आणि लवकर झालं म्हणून पैसे कमी. म्हणजे मी ठोंब होते तेव्हा जास्त मिळत होते! असं संतापून मी तासाचा नाद सोडला.

मग पानामागे भाव लावून पाहिला. वेबसाइटची पानं मोजायची, इतक्या पानांचे इतके. हे लोकांना फार आवडायचं. "पाच पानांवर एक पान वरून द्या ना मॅडम," म्हणायचे, जणू मी मेथीच्या जुड्या घेऊन बसले होते. शेवटी शेवटी तर मी आकडा सांगणंच सोडलं. "तुम्हीच सांगा," म्हणायचे. अहाहा, काय तो नम्रपणा! समोरचा सांगायचा, मी गोड आवाजात "ठीक आहे" म्हणायचे, आणि फोन ठेवला की स्वयंपाकघरात जाऊन भांडी आपटायचे. आई बाहेरून ओरडायची, "भांड्यांनं काय घोडं मारलं तुझं?"

यंदा ते भांडी आपटणंही परवडेना. घरात आम्ही दोघीच. बाबा जाऊन बरीच वर्षं झाली. जुनी कामं संपत आली होती, नवी येत होती ती आणखी स्वस्तात मागितली जात होती, आणि अशात पुण्याच्या एका कंपनीनं मला नोकरी देऊ केली. पगार चांगला, महिन्याच्या महिन्याला नेमानं येणारा. सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आईला विचारलं, तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "जा ना बाप्पा. माझं काय, मी राहीन इथंच. पुण्याले मले कोण ओळखते?" आणि पुन्हा सुपात मान. तिच्या आवाजावरून मला काही कळलं नाही. मला जायचं नव्हतं. अगदी उघड सांगते, मला नागपूर सोडायचं नव्हतं, आणि आईला एकटीला ठेवून तर मुळीच नाही. पण नुसतं वाटून भाकर थोडीच मिळते?

त्याच आठवड्यात सीताबर्डीच्या एका साडीवाल्या शेठचा फोन आला. हातमागाच्या साड्या इंटरनेटवर विकायच्या आहेत, मोठं दुकान मांडून पाहिजे, शनिवारी येऊन बोला, म्हणाला. मी मनात हिशेब केला. हे काम नीट भावात मिळालं तर वर्ष निघेल आणि पुण्याला नाही म्हणता येईल. नेहमीसारखं पडत्या भावात मिळालं तर सोमवारी निमूटपणे हो म्हणायचं आणि बॅग भरायची. म्हणजे सगळं एका आकड्यावर येऊन अडलं होतं, आणि नेमका आकडा तोंडातून काढायचीच माझी बोंब.

तो आकडा मला चटईवरच सुचला. गुरुवार होता. पंखा फिरत होता, पडद्याच्या फटीतून आलेली उन्हाची पट्टी भिंतीवरून सरकत होती, आणि माझ्या डोक्यात घरखर्च, विजेचं बिल, म्हातारा झालेला लॅपटॉप, बिनकामाचे महिने असं सगळं एकमेकांत मिसळून तरंगत होतं. कूलरची घरघर हळूहळू खटक-खटक अशी ऐकू यायला लागली. आमचं घर विणकरांचं. आता जिथे कूलर आहे तिथे मी लहान असताना बाबांचा हातमाग होता. बाबा विणायचे. पण माग चालू होण्याआधीचं सगळं आईचं. सूत उकलायचं, चरख्यावर फिरवून कांड्या भरायच्या, म्हणजे धोट्यात बसवायच्या सुताच्या नळ्या, आणि जुना ताणा, म्हणजे मागावरचे उभे धागे, संपला की त्याच्या टोकांना नव्याचा एकेक धागा जोडायचा. व्यापाऱ्याचा माणूस यायचा, साडी उलगडून उजेडात धरायचा, नग मोजायचा, आणि साडीमागे ठरलेली मजुरी बाबांच्या हातावर ठेवायचा. ती साडीची मजुरी. कांड्यांची नाही. कांड्या घरच्या बाईनं भरायच्या असतात, त्या कोण मोजतो? घर की मुर्गी दाल बराबर. आईला याचं कधी वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. मला वाटायचं. आत्ता लिहितानाही डोकं तापलंय माझं.

तर त्या दुपारी अर्धवट झोपेत मला आई दिसली, तरुण, कोपऱ्यात चरख्यापाशी बसलेली. चाक फिरतंय, तिचे डोळे अर्धे मिटलेले, हात आपलं आपलं चाललेले. तिच्याशेजारी चटईवर मी पडलेली, आत्ताच्या वयाची. फार शांत वाटत होतं. आणि पडल्या पडल्या माझ्या मनात आलं, अगं बाई, मी तरी दुसरं काय करतेय? विणलेलं मोजते आणि कांड्या सोडून देते! या सगळ्या दुपारी मी फुकटात वाटत आलेय इतकी वर्षं. मी डोळे न उघडताच त्या सगळ्या दुपारी हिशेबात धरल्या. आकडा आला एक लाख ऐंशी हजार. झोपेत तो मी एकदम ठणठणीत आवाजात सांगितला, आणि कुणीतरी मान डोलावली.

जागेपणी तो सांगायचा सराव मी कुकरसमोर केला. "एक लाख ऐंशी हजार." कुकर गप्प. "पूर्ण कामाचे एक लाख ऐंशी हजार." कुकरनं शिट्टी दिली, आणि मागून आई म्हणाली, "किती?"

मी पुन्हा सांगितलं.

"बह्याड झाली का वं? एवढे कोण देते! हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नये बाई."

"हातात आहेच कुठे काही सोडायला?" मी म्हटलं. वरणाला फोडणी देता देता ती दोनदा स्वतःशीच पुटपुटली, "एक लाख ऐंशी. अवो माय."

शनिवारी मी निघाले तर आई पातळ बदलून दारात उभी. तिला म्हणे सीताबर्डीतून स्लीपर घ्यायची होती. आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात स्लीपर मिळत नाही का? पण म्हटलं चला. मेट्रोत ती खिडकीशी बसली आणि वरून दिसणाऱ्या गच्च्या बघत राहिली. कुठे पापड वाळत होते, कुठे पाण्याच्या टाकीच्या सावलीत कुणी आडवं झालं होतं. मी ओठ न हलवता आकडा घोकत होते.

शेठचं दुकान पहिल्या मजल्यावर होतं. खाली रस्त्यावर मोबाइलचे कव्हर विकणाऱ्यांचा गलका, आणि वर पांढरीशुभ्र गादी, एसीचा गारवा, भिंतभर साड्या. शेठ माझ्याच वयाचा, हसतमुख माणूस. आईला पाहून उठला. "या काकू, आरामात बसा. पाणी आणा रे, चहा सांगा." आई गादीच्या अगदी काठावर बसली. समोर एक साडी अर्धी उलगडून ठेवली होती, तिचा काठ तिनं दोन बोटांत धरला आणि लगेच सोडला. कुणी रागावेल असं तिला वाटलं असावं. मला तेव्हाच रडू येणार होतं, पण मी कामाचं बोलायला लागले.

कामाचं मला बोलता येतं. त्याच्या डोळ्यांपुढे मी अख्खं दुकान उभं केलं. गिऱ्हाईक दूर कुठेतरी घरात बसलंय, त्याला साडीला हात लावता येत नाही, तर काठ इतका जवळून दाखवायचा की बोटांना तो जाणवला पाहिजे. शेठ खूश झाला. मान डोलवत राहिला. झोपेतही कुणीतरी अशीच मान डोलावली होती, म्हणून मला वाटलं, झालं, जमलं.

"तो मॅडम, सीधी बात," तो म्हणाला, "पानामागे किती?"

"पानामागे नाही. पूर्ण कामाचा भाव आहे माझा."

"आमच्याकडे नगावरच राहते सगळं. नग मोजा, पैसे घ्या, हिशोब साफ." तो हसला. माझी कानशिलं तापली. "बरं चला, पूर्ण कामाचं बोला."

मी तोंड उघडलं. एसीची घरघर फार मोठी झाली. आकडा मला समोर दिसत होता, एक लाख ऐंशी हजार, त्या पांढऱ्या गादीवर आरामात पहुडलेला, आणि तोंडातून काही तो निघेना. कुकरसमोर वाघीण, आणि इथे ही गत!

शेठ आईकडे वळला. "मॅडम तर लाजून राहिल्या. काकू, तुम्हीच सांगा. किती द्यायचे तुमच्या मुलीले?"

त्यानं सहज, गमतीनं विचारलं. आईनं चहाचा कप खाली ठेवला. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा त्या साडीकडे पाहिलं, पदर सारखा केला आणि म्हणाली, "साठ हजार."

"बस!" शेठनं टाळी वाजवली. "काकू बोलल्या, विषय खतम. मोठ्या माणसाचा शब्द आम्ही खाली पडू देत नाही."

साठ हजार म्हणजे पुणे. मला दुसरं काही दिसेना. साठ हजार म्हणजे सोमवारी हो म्हणायचं, भाड्याची खोली बघायची, आणि आई इथे एकटी, कूलरमध्ये बादलीनं पाणी ओतणारी. मला इतका राग आला की समोरचा चहा गादीवर ओतून द्यावा असं वाटलं. आणि आई? आई अगदी समाधानानं बसली होती, चांगला सौदा करून दिल्यासारखी. परक्याच्या दुकानात, चार नोकरांसमोर, आईचा शब्द खोडून काढायचा? आमच्या घरात हे आजवर कुणी केलं नव्हतं. शेठचा हात पुढे आलेला होता.

"साठ बरोबर आहेत," मी म्हटलं. आवाज माझाच होता, पण जरा लांबून येत होता. "ते तयारीचे झाले."

"तयारीचे म्हणजे?"

"म्हणजे कांड्या भरायचे. तुमच्याकडे ही साडी येते, ती काय मागावर आपोआप चढते? आधी सूत उकलावं लागतं, कांड्या भराव्या लागतात, ताणा जोडावा लागतो. माझ्या कामातही तसंच आहे. तेवढ्याचे आईनं सांगितले. विणायचे वेगळे."

"पण मॅडम, कांड्या तर घरच्या बाया भरतात," शेठ म्हणाला. वाईट मनानं नाही, खरंच त्याला तसंच वाटत होतं. "त्याचे कोणी वेगळे घेते का?"

"माझ्या घरची बाई मीच आहे," मी म्हटलं. "मी घेते. विणायचे एक लाख वीस हजार. एकूण एक लाख ऐंशी."

निघाला बाई एकदाचा! आईनं कप पुन्हा तोंडाला लावला होता, तिला ठसका लागला. नोकरानं पाणी आणून दिलं. शेठ आधी हसला, मग छताकडे बघत गणित करू लागला, मग म्हणाला, "थोडं कमी करा."

"नाही."

"काकू, समजवा हिले."

आईनं डोळे पुसले आणि गप्प राहिली. ती गप्प राहिली याचे मी आजही तिचे उपकार मानते.

शेवटी ठरलं ते असं. तयारीचे साठ तो देणार. दुकान कसं दिसेल, कसं चालेल ते मी मांडून दाखवायचं. पसंत पडलं तर पुढचं काम याच भावात. "पसंत पडलं तर," हे तो दोनदा म्हणाला. म्हणजे थोडं हातात, बाकीचं हवेत. मी नमस्कार केला आणि जिना उतरले. आई मागून येत होती की नाही तेही मी वळून पाहिलं नाही. स्लीपर घ्यायची राहिली.

रागाच्या भरात मी भलत्याच बाजूच्या मेट्रोत चढले. डबा सुरू झाल्यावर कळलं, ही हिंगण्याकडे चाललीय, घराच्या उलट. "उतरू पुढच्या स्टेशनला," मी म्हटलं. आई म्हणाली, "राहू दे. थंड आहे. बसू थोडं." मग आम्ही बसलो. गाडी अंबाझरी तलावाच्या कडेनं झरझर गेली, उन्हात पाणी नुसतं पांढरं दिसत होतं. गर्दी नव्हती. गाडी हलकेच डुलत होती, स्टेशनं येत होती, दारं उघडत होती, कुणी चढत नव्हतं. आम्ही दोघी कुठे चाललोय याच्याशी आमचा काही संबंध नसल्यासारखं वाटत होतं.

"रागावली का वं?" आईनं विचारलं.

"रागावले ना. लय रागावले. काहून म्हटलं तू साठ? तुला माहीत होता माझा आकडा. परवापासून ऐकून राहिली होती तू."

ती खिडकीकडे बघतच म्हणाली, "तू जास्त सांगितलं असतं तर तो नाही म्हटला असता. काम गेलं असतं. न् मंग तू गेली असती पुण्याले."



"तूच तर म्हणाली होती, जा म्हणून!"

"म्हणा लागते. मायनं काय म्हणावं, नको जाऊ म्हणावं? पोरीच्या पायात पाय घालावा?" तिचा आवाज फाटला. "मले नाही राहवत वं एकटीनं. दुपारी तू पडली राहते, घोरते, तर घरात कोणी आहे असं वाटते. नको जाऊ तू."

"आई, साठात तर मला जावंच लागलं असतं गं."

"मले काय मालूम? आपल्यात कमी सांगितलं की काम टिकते. तुझ्या बाबानं तसंच टिकवलं."

समोरच्या सीटवर बसलेला एक माणूस उठून पलीकडे जाऊन बसला, आम्ही दोघींनी मोकळेपणानं रडावं म्हणून असेल. आम्ही रडलोही. आई पदरात, मी ओढणीत. शेवटचं स्टेशन आलं, आम्ही उतरलोच नाही. हिंगण्याच्या कारखान्यांतून शिफ्ट संपवून आलेली माणसं चढली, घामाचा आणि तेलाचा वास डब्यात भरला, दारं मिटली, आणि तीच गाडी आम्हाला घेऊन घराकडे परत निघाली.

मी फोन काढला. सोमवारची वाट कशाला बघायची? पुढचं काम हवेत होतं, शेठला पसंत पडेल की नाही ते देव जाणे, पण मी पुण्याच्या कंपनीला चार ओळींत नम्रपणे कळवून टाकलं आणि बटण दाबलं.

"काय लिहून राहिली?" आईनं विचारलं.

"पुण्याला नाही म्हणून कळवलं."

तलाव पुन्हा आला आणि गेला. मग आईनं माझा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि जरा दरडावूनच म्हणाली, "मंग आता कोणाले कमी नको सांगू. आपण दोघी जणी आहो."